नैसर्गिक झीज म्हणे!

सायकलचा ग्लोव्ह फाटला. परत फाटला. आणि कुठे, तर नेहमीच्याच जागी, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, जिथे हूडवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठीवर, हाताचा सगळा भार येतो तिथेच. चढावर उभं राहून पॅडल मारायला घेतलं, हाताखाली टर्रकन काहीतरी वाजलं, बघतो तर बेचक्यातून माझीच कातडी बाहेर डोकावतेय. तळव्याचं कापड शाबूत, पॅडिंग शाबूत, मनगटावरचा चमचमणारा लोगो तर ठणठणीत. गेली ती फक्त शिलाई. म्हणजे ज्या एका गोष्टीच्या जिवावर अख्खा ग्लोव्ह उभा असतो, तेवढीच गेली.

स्वस्तातला असता तर चकार शब्द काढला नसता. स्वस्तातला फाटला की माणूस मुकाट्याने डब्यात टाकतो आणि दुसरा आणतो, त्यात भांडण्यासारखं काही नसतं. पण हा महागातला होता. त्या पैशात बरे टायर आले असते. 'एकदाच घे, पण चांगला घे, मग वर्षानुवर्षं बघायला नको', हे वाक्य जगात ज्याने पहिल्यांदा उच्चारलं ना, त्या इसमाला मला एकदा निवांत भेटायचंय.

बरं, कंपनीला मेल टाकला. अतिशय नम्र. उत्तर आलं, फोटो पाठवा. पाठवला. उजेड कमी आहे, पुन्हा पाठवा. पाठवला. आतल्या लेबलचा फोटो पाठवा. आतलं लेबल! जे मनगटाला टोचतं म्हणून घरी आणल्या आणल्या जो तो कापून टाकतो, ते लेबल. नशिबाने एक कोपरा शिल्लक होता, त्याचा पाठवला. मग म्हणे उत्पादन अस्वच्छ दिसतंय, कृपया धुऊन, वाळवून फोटो काढावा. धुतला. लेबलच्या उरलेल्या कोपऱ्यावर लिहिलं होतं तसा, गार पाण्यात, हाताने, न पिळता. सावलीत वाळवला. फोटो काढला. आणि निकाल काय लागला? 'तपासणीअंती असे आढळले की वारंवार धुतल्यामुळे शिलाई कमकुवत झाली आहे. ही नैसर्गिक झीज असून ती वॉरंटीत समाविष्ट नाही.'

धुतल्यामुळे! तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुम्हीच धुवायला सांगितलंत ना बाबांनो! आणि नाही धुवायचा तर काय करायचं? ही वस्तू घामात भिजायलाच बनवलेली आहे. न धुता दोन दिवस ठेवा, घामाचं मीठ सुकून तळवा असा कडक होतो की ग्लोव्ह टेबलावर आपापला उभा राहतो. वासाचं तर बोलूच नका. शिवाय अंगठ्यावर ते मऊ टॉवेलचं कापड तुम्हीच शिवता, कशासाठी शिवता ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. वर्णनात 'घाम टिपण्यासाठी' असं सोज्वळपणे लिहिता. सायकलवर बसलेला प्रत्येक जण त्याला नाक पुसतो. नाक पुसायचं आणि धुवायचं मात्र नाही?

वॉरंटी कशाला लागू, तर 'सामग्री आणि कारागिरीतील दोषांना'. मग शिलाई ही कारागिरी नाही तर काय, हवामान आहे? घट्ट शिवलेली गोष्ट आपोआप सुटली तर त्याला दोष म्हणत नाहीत, नैसर्गिक झीज म्हणतात. निसर्गाने काय केलं बिचाऱ्याने? दोरा निसर्गाने निवडला का? हाताचा सगळा जोर जिथे येतो नेमकी तिथेच चार कापडांची जोडणी आणून ठेवायची, हे निसर्गाला सुचलं का? आणि जखमेवर मीठ म्हणून शेवटचा परिच्छेद: 'आपल्यासारख्या उत्साही सायकलस्वारांसाठी आमची वरच्या श्रेणीतील उत्पादने पाहावीत.' म्हणजे तुमचं महागाचं फाटलं, तर आता आणखी महागाचं घ्या. खाली पाच तारे. सेवा कशी वाटली ते कळवा. कळवलं. शब्द इथे लिहीत नाही, घरचेही वाचतात.

त्यानंतर मी कात्री घेतली. रागाच्या भरात नव्हे, (बरं, रागाच्या भरातच,) पण मला बघायचं होतं की तळव्यात भरलेलं ते सुप्रसिद्ध जेल असतं तरी काय. पाकिटावर तळहाताची रंगीत आकृती असते, तिच्यात तीन रंगांचे पट्टे, प्रत्येक पट्ट्याला बाण आणि बाणाला एक भारदस्त नाव. तळव्याचं कापड उसवलं, आत पातळ फोम, फोमखाली एक पिवळट लिबलिबीत चकती. करंगळीच्या नखाहून जराशी मोठी. बोटाने दाबली तर दबते, सोडली तर हळूहळू वर येते. एका कडेने गोळा होऊन सरकलेली. संपलं. या चकतीसाठी आपण सगळे रात्र रात्र परीक्षणं वाचतो.

आणि ती करंगळीच्याच बाजूला का? तर करंगळी आणि अनामिका बधिर होतात म्हणून. राइडनंतर घरी येऊन कुलूप उघडताना किल्ली बोटांत धरवत नाही, ते सगळ्यांनी भोगलंय, सांगत बसत नाही. अल्नार नस मनगटातून हातात उतरते ती करंगळीच्या बाजूच्या एका अरुंद बोगद्यातून. फेलिक्स ग्युयों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला ग्युयोंची नलिका म्हणतात. नेमका त्याच्यावर आपण अख्खा देह टेकवून बसतो. सायकलमुळे ही नस लुळी पडते हे एत्येन देस्तो या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरने 1896 मध्ये लिहून ठेवलंय. सव्वाशे वर्षं उलटून गेली. आणि या सव्वाशे वर्षांचं फळ काय, तर पिवळी चकती.

ती चकती अंगावरचा भार कमी करत नाही, हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. सॅडलचं नाक, म्हणजे सीटचं पुढचं टोक, खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि दोन्ही हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता. हँडल फार लांब किंवा फार खाली असेल तर तेच. कोपरं ताठ, मनगट मागे मोडलेलं, टायर टम्म फुगवलेले, तासभर हात एकाच जागी गोठलेले. यातल्या कशावर ग्लोव्ह काय करणार? उलट जास्त जाड जेल असेल तर पकड जाड होते, मूठ आणखी आवळावी लागते, आणि चकती जरा सरकली की बरोब्बर नसेवरच रुतते. माझ्या बोटांची बधिरता गेली ती ॲलन कीने, म्हणजे सायकलचे स्क्रू फिरवायच्या साध्या षटकोनी किल्लीने. सॅडलचं नाक किंचित वर, टायरमधली हवा थोडी कमी, हँडलवर जुन्या टेपवरच दुसरी टेप. कुठलाही बाण नाही, कुठलंही भारदस्त नाव नाही.

आणि आता गंमत बघा. हे सगळं तोंडपाठ असलेला मी काल रात्री काय करत होतो? ब्राउझरमध्ये ग्लोव्ह्जचेच टॅब उघडून बसलो होतो, खिडकीवर टॅबची नावंही दिसेनाशी झाली होती. एका जोडीचं वजन दुसरीपेक्षा नऊ ग्रॅमने कमी आहे हे बघून मनापासून बरं वाटलं. नऊ ग्रॅम! पोटावर जे काय साठवून फिरतोय त्याचा विषयही नको. 'याचा तळवा कांगारूच्या चामड्याचा' असं वाचलं आणि एक क्षण वाटलं, हेच, हेच कमी होतं माझ्या आयुष्यात. घरातून आवाज आला, 'अजून बघतोयस?' मी म्हटलं, 'कामाचं आहे.'

असो. रागावर येऊ, कारण वेल्क्रो राहिलंय. जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनियर 1941 साली कुत्र्याला घेऊन फिरून आला, कुत्र्याच्या केसांत चिकटलेल्या काटेरी बिया त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि त्यातून वेल्क्रो निघालं. माणसाबद्दल आदर आहे. कुत्र्याबद्दलही. पण मनगटावरचा हा पट्टा ज्याला चिकटायला हवा ते सोडून सगळ्याला चिकटतो. जर्सीला चिकटतो आणि दोरे ओढतो. धुताना मोज्यांना चिकटतो. दुसऱ्या ग्लोव्हच्या टॉवेलच्या कापडाला तर असा मिठी मारतो की सोडवताना त्याचे केसच उपटून येतात. आणि ग्लोव्ह जुना झाला की स्वतःच्याच दुसऱ्या अर्ध्याला चिकटायचं विसरतो. मग राइडभर मनगटावर एक पट्टी फडफडत राहते, फट फट फट.

वेल्क्रो नसलेले घ्यावेत तर ते घालताना हात चोपडा लागतो आणि काढताना सोलून निघतो. घामेजल्या बोटांतून ओढले की उलटे होतात, आतलं अस्तर बोटांच्या भोकांत गोळा होतं, मग रस्त्याच्या कडेला उभं राहून करंगळी कुठलं भोक आणि अनामिका कुठलं ते चाचपत बसा. काढायला सोपं जावं म्हणून बोटांमध्ये दोन चिमुकल्या पट्ट्या शिवलेल्या असतात. त्या सगळ्यात आधी तुटतात, हे वेगळं सांगायला नको. हिवाळ्यातल्या पूर्ण बोटांच्या ग्लोव्ह्जची तर तऱ्हाच न्यारी. तर्जनीच्या टोकाला धातूचा अंश असलेला दोरा घातलाय, त्यामुळे फोन चालतो म्हणे. पाकिटावरच्या चित्रात चालतो. प्रत्यक्षात स्क्रीनवर घामाचा एक थेंब पडला की नकाशा उघडायचा सोडून भलत्यालाच फोन लागतो. शेवटी दाताने ग्लोव्ह ओढून काढायचा, तोंडात धरायचा आणि नाकाने फोन उचलायचा.

मापाचं सांगू? एकाचा लार्ज म्हणजे दुसऱ्याचा मीडियम, हे आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. पण तक्त्यात फक्त तळव्याचा घेर असतो. बोटांची लांबी कुणी विचारत नाही. त्यामुळे तळवा बसतो तेव्हा बेचकी ताणली जाते, बेचकी बसते तेव्हा तळव्यावर सुरकुती पडते, आणि ती सुरकुती तासाभरात फोड आणते.

यावर एक जमात अशी भेटते की जी ग्लोव्ह्ज घालतच नाही. 'अरे, रस्ता हाताला जाणवला पाहिजे!' कशाला? रस्त्याशी सोयरीक जुळवायचीय? 'प्रो लोक कुठे घालतात?' हो, त्यातले बरेच जण नाही घालत. मोठ्या शर्यतींत त्यांच्या मागून डॉक्टरची गाडी येत असते. तुमच्या मागून ट्रक येत असतो. 2003 मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्ह हा सायकलपटू पडला आणि गेला, त्यानंतर यूसीआयने, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने, हेल्मेट सक्तीचं केलं. हातांवर तशी सक्ती नाही, ज्याचा हात त्याचा निर्णय. पण पडताना हात पुढे जातो, तो कुणाला विचारून जात नाही. तळव्याची साल निघाली की पुढे बरेच दिवस टॉवेल पिळता येत नाही, बाटलीचं झाकण फिरवता येत नाही, दरवाजाच्या कडीला हात लावायच्या आधी धीर गोळा करावा लागतो. खडी टोचून काढताना दिव्याखाली बसून चिमटा चालवलाय कधी? मग मला रस्ता जाणवण्याबद्दल सांगू नका.

म्हणजे पैसे टाकायचेच तर कशावर, हे मला विचाराल तर तळव्याच्या कापडावर. जाड, सलग, मधोमध जोड नसलेलं. बेचक्यात दुहेरी शिलाई, आणि ती दुकानात बोटाने ताणून बघायची, विक्रेता कसंही बघो. नाक पुसायचं कापड अंगठ्याच्या पाठीवर भरपूर. झालं. एवढं मधल्या किमतीच्या जोडीत मिळतं. अगदी तळातली घेतली तर पहिल्याच पावसात रंग हातांवर उतरतो आणि माणूस निळ्या पंजांनी कामावर जातो, तेव्हा तेही नको. मधल्याच्या वर जे काही मोजतो ते बाणांचे, कांगारूचे आणि नऊ ग्रॅमचे. जेलसाठी जास्तीचा एक पैसाही नाही. ते पैसे कुणा जाणत्या माणसाला देऊन सायकल अंगाबरहुकूम लावून घ्या.

हे मी आमच्या ग्रुपमध्ये बोललो तर एक काका उसळले. त्यांच्याकडे तेच मॉडेल आहे, माझ्याहून आधी घेतलेलं. 'माझे बघ, एक टाका हललेला नाही! तुझीच पकड चुकीची.' बघितले. खरंच नवेकोरे. वेल्क्रोवर एक धागा नाही, अंगठ्याचं कापड पांढरंशुभ्र, आतलं लेबल अख्खं. असणारच! काकांची सायकल घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारायच्या स्टँडवर, लावलेली असते आणि ट्रेनरवर कपडे वाळत असतात.