पाच रुपयांचा बिस्कीटपुडा

गेल्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या एका अड्ड्यावर ‘बाळाचा पूरक आहार’ या विषयावर मी चाळीस मिनिटं बोलले. सोबत फ्लेक्स होता. सफरचंद, द्राक्षं, दुधाचा ग्लास आणि मधोमध एक गोरापान गुटगुटीत मुलगा. समोर बसलेल्या बायका पहाटेपासून उसाच्या फडात राबून आलेल्या. दोघी बसल्या जागी पेंगत होत्या.

सहा महिन्यांनंतर नुसत्या अंगावरच्या दुधावर भागत नाही, पोट लहान असतं म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवायचं, असं माझं चाललं होतं. चूक काहीच नव्हतं त्यात. मागून एक बाई म्हणाली, “ताई, पाच येळा भरवायला मी हितं असते का?”

ती नसतेच. पहाटे तीनला चूल, भाकरी बांधून चारला फडात. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. ट्रक रात्री आला तर रात्री भरायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली, म्हणून तिनं एक दिवस घरी थांबायचं तर मुकादमाकडे खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड लागतो. नऊ महिन्यांचं पोर कोपीत, म्हणजे झोपडीत राहतं, सांभाळायला सात वर्षांची बहीण. आता त्या सात वर्षांच्या मुलीनं चूल पेटवून खिमट शिजवायचं का? ती बिस्किटाचा पुडा फोडते, पाण्यात बुडवते आणि भरवते. पाच रुपयांत, विस्तवाशिवाय, पोर रडायचं थांबतं.

आम्ही मात्र वर्षानुवर्षं अहवालात लिहितो : ‘मातांमध्ये जागरूकतेचा अभाव.’ मला आता या वाक्याची चीड येते. बिस्किटानं पोर बाळसं धरत नाही हे तिला माझ्याआधी कळलेलं असतं, ते पोर तिच्याच कडेवर असतं ना.

शिकवण्यासारखं काही नसतंच असंही नाही. वरणावरचं पाणी पाजलं की डाळ पोटात गेली, असं कितीतरी जणी मानतात, शहरातल्या शिकलेल्या आज्यासुद्धा. ताकद खालच्या घट्ट डाळीत असते. लोहाची लाल गोळी चहाबरोबर घेतली की चहा ते लोह अंगी लागू देत नाही. पहिला पिवळा चीक फेकायचा नाही. या गोष्टी सांगायलाच हव्यात. पण त्या सांगायला दहा मिनिटं पुरतात. उरलेली तीस मिनिटं मी ऐकायला हवं होतं, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं.

दुसऱ्या फेरीला फ्लेक्स नेला नाही. विचारलं, पोरीला चूल न पेटवता देता येईल असं तुमच्याकडं काय असतं? थोडी कुजबूज झाली. मग एक म्हातारी म्हणाली, “लाह्याचं पीठ.” ज्वारीच्या लाह्या गावाकडूनच दळून आणायच्या. त्यात शेंगदाण्याचं बारीक कूट (अख्खा दाणा बाळाच्या हाती नको, घशात अडकतो), किसलेला गूळ. हे घट्ट झाकणाच्या डब्यात. आईनं पहाटे पाणी उकळून बाटलीत भरून ठेवायचं, बहिणीनं हात धुऊन वाटीत कालवायचं, वरून चमचाभर तेल. मी पोषणशास्त्र शिकलेली, मला हे सुचलं नव्हतं.

बायकांकडूनच उत्तर घ्यायचं, यात नवीन काहीच नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीच्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्य सेविका केलं. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पन्नास वर्षं झाली. आम्ही अजून फ्लेक्स छापतोय.

आणि लाह्याच्या पिठानं सगळं भागतं, असं कुणी समजू नये. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पोषण आहाराचा हक्क दिला. पण पोराचं नाव बीडच्या गावातल्या रजिस्टरात आणि पोर दिवाळीनंतर पाच-सहा महिने दुसऱ्याच जिल्ह्यातल्या उसात. फडाजवळच्या अंगणवाडी सेविकेला विचारलं तर म्हणाली, “माझ्याकडं माल पटाप्रमाणं येतो, मी कुठून देऊ?” तिचंही खोटं नव्हतं. कारखान्याला कुठल्या फडात किती कोयते आहेत हे रोजच्या रोज कळतं. कोपीत पोरं किती, हे कुणालाच कळत नाही.

त्या दिवशी दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी घेऊन कोप्यांतून फिरले. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. दोन पोरं लालमध्ये निघाली, आरोग्य केंद्रात दाखवायची ठरली. नऊ महिन्यांचं ते बाळ पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषणात होतं. त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या बहिणीनं स्वतःचा हात पुढं केला. “माझा बी मोजा.”

ती पट्टी पाच वर्षांपर्यंतच्याच मुलांसाठी असते. मी तिच्या दंडाला गुंडाळली. हिरवा दिसला म्हणून ती खूश झाली. तिच्या वयाला त्या हिरव्याचा काही अर्थ नसतो, हे मी तिला सांगितलं नाही.