दातांची रात्रपाळी

ब्रेसेस निघाल्या की माणूस सुटतो, असं ठासून सांगणाऱ्यांनी स्वतः कधी ब्रेसेस लावलेल्या नसतात. ज्यांनी लावल्या, ते काही बोलत नाहीत. त्यांच्या तोंडात, सरळ झालेले दात पुन्हा हलू नयेत म्हणून, रिटेनर असतो.

चाळिशीला टेकल्यावर मी दात सरळ करायला घेतले, तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या समस्त काकू-मावश्यांनी "आता काय दाखवायला बसायचंय का?" असं विचारून घेतलं होतं. ते सगळं सोसून एकदाच्या तारा निघाल्या. डॉक्टरांनी हातात आरसा दिला. मी आपली डावी-उजवीकडून हसून बघतेय, तोच ते म्हणाले, "ताई, रिटेनर कुठला करायचा?"

दात म्हणे हाडात घट्ट रोवलेले नसतात, बारीक तंतूंनी बांधलेले असतात. त्यांना ओढूनताणून नव्या जागी आणलं, तरी भोवतीचं हाड पक्कं व्हायला महिने जातात. हिरडीतले ताणलेले तंतू तर वर्षभरसुद्धा जुन्या जागेकडे खेचत राहतात. वर वयानुसार दात थोडेफार सरकतातच, ब्रेसेस लावा नाहीतर नका लावू. "मग घालायचा किती दिवस?" मी विचारलं. "जितके दिवस दात सरळ हवेत तितके दिवस." एवढं सरळ उत्तर मला कुठल्याही डॉक्टरांनी आजवर दिलं नव्हतं.

पर्याय तीन. पहिला हॉली रिटेनर, टाळूला प्लास्टिकची पट्टी आणि दातांवरून तार. चार्ल्स हॉली नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने शंभरेक वर्षांपूर्वी काढलेला. दणकट, डॉक्टरांना थोडाफार आवळता-सैलावताही येतो. पण तार समोरून दिसते, आणि तार लपवायलाच मी एवढे दिवस तोंडावर हात ठेवून हसत होते. दुसरा पारदर्शक. दिसत नाही, पण नाजूक फार. तिसरी पक्की तार, पुढच्या दातांच्या मागे कायमची चिकटवलेली. विसरायची सोय नाही, हरवायची सोय नाही. मात्र तिच्याभोवती कीटण साचतं आणि अख्खा भुट्टा दातांनी तोडायचा नाही. भुट्ट्याचा कीस चालतो. हे ऐकून मी खालच्या दातांना लगेच तार लावून घेतली. वरच्यांना पारदर्शक.

तो पारदर्शक सुरुवातीला दिवसाचे २० ते २२ तास घालायचा. खाताना काढायचा, चहा पितानाही काढायचा, कारण गरम लागलं की तो वाकतो. तोंडात असताना फक्त साधं पाणी. म्हणजे चहा-नाश्ता-जेवण सगळं मिळून उरले दोन ते चार तास. हा हिशेब ज्यांनी कुणी मांडला ते इंदूरचे नसणार. इथे सकाळी पोहे-जलेबी होते, अकराला कचोरी, संध्याकाळी छप्पन दुकानवर "काही नको, नुसती चक्कर मारू" म्हणून चार पदार्थ होतात. आणि डॉक्टर म्हणतात, रात्री ब्रश करून रिटेनर घाला, मग काही खायचं नाही. डॉक्टरांची ती रात्र सुरू होते तेव्हा सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन त्यांच्या पायरीशी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या कढया तापायला लागलेल्या असतात.

सराफ्यात उभ्या गर्दीत रिटेनर काढणं हा एक स्वतंत्र व्यायाम आहे. एका हातात तळलेल्या गराडू कंदाचा दोना, दुसऱ्या हातात पर्स, डबी पर्सच्या तळाशी. कागदी रुमालात गुंडाळून ठेवायचा नाही, कारण रुमाल कचऱ्यात जातो आणि इंदुरात कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाण्यात कुणी हयगय करत नाही. शेवटी मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. बघणाऱ्यांना वाटतं, बाईला तिखट लागलं.

घरी वेगळीच गंमत. बेसिनवरच्या फळीवर सासूबाईंच्या कवळीची वाटी आणि माझी डबी शेजारी-शेजारी. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, माझा रिटेनर रात्रभरासाठी तोंडात जायचा. एक कामावरून येतो तेव्हा दुसरा निघतो. कवळी धुवायच्या गोळ्या दोघींना चालतात, एवढाच काय तो संसारात फायदा. टूथपेस्टने रिटेनरवर ओरखडे पडतात, म्हणून मऊ ब्रश आणि गार पाणी. "अगं, उकळत्या पाण्यात टाक, जंतू मरतील," असं सासूबाई रोज सुचवतात. जंतू मरतील हे खरं, पण त्यांच्याबरोबर रिटेनरही जाईल. हे समजावून सांगितलं की त्या सुस्कारा सोडतात. "माझे गेले ते एकदाचे गेले बाई. तुझे आहेत म्हणून हा ताप."

परवा तपासणीला गेले. डॉक्टरांनी रिटेनर दिव्याकडे धरला. काचेसारखी स्वच्छ वस्तू कडेकडेने केशरी-पिवळी झाली होती. चूळ भरूनच घालते मी, पण हळद कुठे ऐकते?

"जीरावन मसाला?" डॉक्टरांनी चष्म्यावरून विचारलं.

"पोह्यांवर. थोडंसंच."

त्यांनी रिटेनर पुन्हा एकदा फिरवून बघितला, मदतनीस मुलगी बाहेर गेली याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"रंग चांगला आलाय. कुठून आणता?"