काळ्यावर हिरवं

ऑफिसातले सर्व्हर बदलले. त्यांच्यावरच्या सेंटओएस 7 या ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार 2024च्या जूनमध्येच संपला होता. तो खटारा आमच्या मंडळींनी अखेर एका रात्रीत हलवला आणि सकाळी ‘सगळं जसंच्या तसं आहे’ असा मेल टाकून मोकळे झाले. जसंच्या तसं! जुन्यावर माझ्या रोजच्या टीमक्स प्रोग्रॅमची 1.8 आवृत्ती होती, नव्यावर तीनच्या पुढची. मी आत शिरलो तर माझ्या सेटिंगच्या फाइलवर ओळीगणिक शेरा: इनव्हॅलिड ऑप्शन, इनव्हॅलिड ऑप्शन. गणिताच्या मास्तरांकडून वही परत आल्यासारखं. कुठल्या तुकड्यात आपण टाइप करतोय हे दाखवणारी केशरी चौकट गायब, माऊस बंद.

टीमक्स म्हणजे कमांड टाइप करायच्या एका काळ्या खिडकीचे, म्हणजे टर्मिनलचे, हवे तेवढे तुकडे करून देणारा प्रोग्रॅम. मधेच नेटवर्क गेलं तरी पलीकडचं काम तो मरू देत नाही. आणि ज्याला घाटातून कामाला जायचं आहे त्याला याहून जास्त काय हवं? म्हणून ही डागडुजी मी डेक्कन क्वीनमध्ये काढली.

शेजारी खिडकीला एक काका. लोणावळ्यापर्यंत त्यांना पेपर पुरला. मग ते माझा स्क्रीन वाचू लागले.

“डॉस का?”

“नाही काका, लिनक्स.”

“तेच ते. काळं आहे ना.”

काका बँकेतून रिटायर झालेले. “आमच्या शाखेत एएलपीएम, ते खातेवह्या लिहिणारं मशीन, आलं तेव्हा असंच होतं. युनियनचा विरोध, घोषणा, सगळं झालं. पण रंगाबद्दल कुणाची तक्रार नाही. काळ्यावर हिरवं. हे खाली निळं कुणी करून दिलं तुम्हाला?”

“मीच केलं.”

“कशाला?”

या प्रश्नाला उत्तर नसतं. मी मान खाली घालून टाइप करत राहिलो.

“आणि सारखी दोन बटणं दाबून तुम्ही मधेच थांबता, ते काय?”

मी सांगितलं की टीमक्सला आधी हाक मारावी लागते, मग हुकूम सोडायचा. मुळात ती हाक कंट्रोल-बी. मी कंट्रोल-ए केली आहे, कारण बीपर्यंत बोट ताणावं लागतं. काकांनी चष्मा वर सरकवला, विचारलं-सवरलं काही नाही, सरळ हात माझ्या कीबोर्डवर आणला आणि करंगळी कंट्रोलवर ठेवून तर्जनी बीवर नेली.

“पोचतंय की.”

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं पोचतंय! आता यांना काय सांगू, की तो बी कुणी बोटं मोजून निवडलेलाच नाही. टीमक्सचा पहिला नमुना स्क्रीन नावाच्या जुन्या प्रोग्रॅमच्या आत बसून लिहिला गेला, स्क्रीनने ए आधीच अडवला होता, म्हणून शेजारचा बी घेतला. एवढंच कारण. त्यापायी जगभरची माणसं बोटं ताणतात, नाहीतर माझ्यासारखं ए करून घेतात. मग बॅशमध्ये, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ओळीच्या सुरुवातीला नेणारं कंट्रोल-ए दोनदा दाबावं लागतं आणि त्याच्यासाठीही फाइलमध्ये वेगळी ओळ लिहावी लागते.

“घाट आला, सेव्ह करून ठेवा,” असं म्हणून काकांनी स्वतःच कंट्रोल-एस दाबलं.

टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह नव्हे. ‘थांब, पुढचं पाठवू नकोस’ असा तो टेलिप्रिंटरच्या काळातला निरोप आहे. स्क्रीन गोठला. सोडवायला कंट्रोल-क्यू दाबलं, तर तोवर बोगदा आला होता आणि नेटवर्कही गेलं होतं. गोठलंय ते काकांमुळे की मध्य रेल्वेच्या डोंगरामुळे, हे कर्जत येईपर्यंत कळायला मार्ग नव्हता. काका मात्र समाधानी. “बघा, सेव्ह होतंय.”

कर्जतनंतर माझी फाइल बाजूला ठेवून टीमक्स कोरं सुरू केलं, नेमकं काय मोडलंय ते बघायला. मूळ रंगात ते येतं तेव्हा तळाला भडक हिरवी पट्टी असते.

“आता बरं दिसतंय!” काका म्हणाले.

मी हसलो. खरं तर हसू येत नव्हतं. चेंजलॉग, म्हणजे कुठल्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी, वाचल्यावर तर अजिबातच नाही. माऊसचे चार वेगळे पर्याय 2015मध्ये एकात घातले, हे मला पटतं. रंगांसाठी 2014मध्ये ‘स्टाइल’ नावाची नवी पद्धत आली आणि जुनी नावं 2019च्या 2.9मध्ये काढली. म्हणजे टीमक्सवाल्यांनी पाच वर्षं दोन्ही चालू ठेवलं होतं. ती पाच वर्षं आणि पुढचीही पाच आमच्या ऑफिसने आम्हाला 1.8वर बसवून ठेवलं. नोटिशीची मुदत त्यांनी झोपून काढली आणि घर रिकामं करायची वेळ माझ्यावर आली. कुणाला बोलायची सोय नाही. तक्रार नोंदवली तर उत्तर येणार, ‘ही वैयक्तिक सेटिंग आहे’. वैयक्तिक कसली? दिवसाचे आठ तास मी ऑफिसचंच काम करतो त्या चौकटीत!

कल्याण गेलं तशी केशरी चौकट परत आली. काकांनी तिच्याकडे पाहून नाक मुरडलं आणि खिशातून मोबाईल काढला. “तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? याची अक्षरं मोठी करून द्या.”

सेटिंग, डिस्प्ले, फॉन्ट, पट्टी उजवीकडे. झालं.

“याला फाइल नाही लिहावी लागली?”

“नाही.”

“मग तुमचं ते चांगल्या कंपनीचं घ्या ना!” असं मला म्हणून ते समोरच्या बाईंकडे वळले. “वहिनी, तुमच्याही मोबाईलचं काहीतरी होतं ना? द्या यांच्याकडे. दादरपर्यंत रिकामेच आहेत.”

वहिनींनी स्वतःचा दिला, आणि पर्समधून यजमानांचाही.