लाल नकाशातली निळी पट्टी

अमेरिकेची निवडणूक झाली की आमच्या घरच्या ग्रुपवर काउंटीवार निकालाचा तो नकाशा येऊन पडतोच. अख्खा देश लाल, कडेकडेने निळे ठिपके. खाली काकांचा शेरा: "बघा, सगळे एका बाजूला!" (काका, तिकडे लाल म्हणजे डावे नव्हेत. लाल रिपब्लिकन, निळे डेमोक्रॅट.)

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अशा तीन हजारांवर आहेत. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं निघाली, आमच्या सोसायटीच्या एका विंगमध्ये त्याहून जास्त राहतात. लॉस एंजेलिस काउंटीत कोटभर. नकाशा मात्र रंग एकरावर वाटतो. २०२० ला डेमोक्रॅट बायडन सत्तर लाख मतांनी पुढे होते, तेव्हाही तो लालच होता.

तरी नकाशा टाकाऊ नाही. दक्षिणेतलं अलाबामा राज्य मोठं करून बघा. लालीतून एक निळी कोयती आडवी गेलेली दिसेल: ग्रीन, विल्कॉक्स, लाउन्ड्स, मेकन या काउंट्यांची. डायनासोरांच्या काळात तिथे समुद्राचा काठ होता. तळाशी बारीक शिंपल्या-शेवाळाची चुनखडी साचली आणि तिच्यावर काळी, कसदार जमीन तयार झाली. म्हणून तिथे कापूस, आणि कापूस वेचायला काळे गुलाम. त्यांचेच वंशज आज तिथे बहुसंख्य आहेत आणि बहुतेक डेमोक्रॅटना मत देतात.

मागे हायवे ८० वर लाउन्ड्समध्ये गाडी थांबवली होती. नुकताच पाऊस पडून गेलेला. यवतमाळच्या कापसात वाढलेल्या बाबांची चप्पल चिखलात रुतली. ती उपसत म्हणाले, "ही तर आपलीच काळी!" आपली बेसाल्टची, ही चुनखडीवरची, पण चिकटपणा तोच. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेच्या यादवीत इथला कापूस अडकला, तेव्हाच तर वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता.

फक्त "माती मत देते" असं कुणी म्हणू नये. १९६५ उजाडलं तेव्हा लाउन्ड्समध्ये पाचातले चार लोक काळे होते आणि मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. नाव नोंदवायला गेलं की राहती जागा जायची, जिवावर बेतायचं. मार्चमध्ये काळ्यांच्या मताधिकारासाठी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा याच हायवेवरून गेला, ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला. माती तीच होती, यादी बदलली.

काका, पुढच्या वेळी प्रत्येक काउंटीवर मतांच्या मापाचं वर्तुळ काढलेला नकाशा टाका. तोही मिळतो.