तोरुन पोलंडला आयतं मिळालेलं नाही

दर 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या पोस्टच्या गर्दीत, कोपर्निकसच्या जयंतीचाही एक मजकूर फिरतो. त्याचा सारांश असा: कोपर्निकस जर्मन होता, त्याचं जन्मगाव तोरुन हे अस्सल जर्मन शहर, दुसऱ्या महायुद्धानंतर ते पोलंडला आयतं मिळालं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं म्हटल्याबद्दल चर्चने कोपर्निकसला जिवंत जाळलं, 1724 मध्ये तोरुनच्या महापौराचा शिरच्छेद करून पोलंडने आपलं खरं रूप दाखवलं, आणि जर्मन निघून गेल्यापासून ते शहर म्हणजे पर्यटकांपुरता देखावा उरलं आहे. यातली शिरच्छेदाची घटना घडलेली आहे. बाकी मजकूर चुकीचा किंवा दिशाभूल करणारा आहे.

जाळण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लगेच निकालात निघतो. कोपर्निकस 24 मे 1543 रोजी फ्रॉमबोर्क इथे आजारपणात वारला. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. तो स्वतः चर्चचा पदाधिकारी होता आणि आपला ग्रंथ त्याने पोप तिसरे पॉल यांनाच अर्पण केला होता. रोममध्ये 1600 साली जाळलं गेलं ते जिओर्दानो ब्रुनोला. कोपर्निकसच्या ग्रंथावर चर्चने 1616 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 73 वर्षांनी, दुरुस्त्या होईपर्यंत बंदी घातली. ती बंदी निषेधार्हच होती. पण तिचा निषेध करायला खोटी चिता रचावी लागत नाही.

आता ‘आयतं मिळालं’ हा दावा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच, कारण यात एका गावाने केलेलं बंड पुसलं जातं.

तोरुनला शहराची सनद 1233 मध्ये ट्यूटॉनिक नाइटांनी दिली, हे खरं. हा जर्मन क्रूसेडरांचा लढाऊ संघ. त्यांच्या राज्यात तोरुन भरभराटीला आलं, व्हिस्तुला नदीवरच्या धान्य-लाकडाच्या व्यापारावर श्रीमंत झालं, उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या हान्सा संघात सामील झालं. तिथले बडे व्यापारी बहुतेक जर्मन बोलणारे होते. पण याच व्यापाऱ्यांना नाइटांचे कर आणि व्यापारातली ढवळाढवळ असह्य झाली. 1440 मध्ये त्या मुलखातल्या शहरांनी आणि जमीनदार सरदारांनी एकत्र येऊन प्रशियन महासंघ उभा केला. फेब्रुवारी 1454 मध्ये तोरुनच्या नागरिकांनी आपल्याच गावातल्या नाइटांच्या गडावर चाल केली, तो घेतला आणि पाडून टाकला. त्याचे अवशेष आजही नदीकाठी दिसतात. त्यातला बऱ्यापैकी शाबूत राहिलेला भाग म्हणजे शौचकूपांचा मनोरा!

महासंघाचे दूत पोलंडच्या तेव्हाच्या राजधानीत, क्राकूफला, पोलंडचा राजा चौथा काझिमिएश याच्याकडे गेले आणि आम्हाला तुमच्या राज्यात घ्या, अशी मागणी त्यांनी केली. 6 मार्च 1454 रोजी राजाने तसं फर्मान काढलं. त्यापायी तेरा वर्षांचं युद्ध झालं आणि 1466 मध्ये ते संपवणारा तह तोरुनमध्येच झाला. जर्मन बोलणाऱ्या नागरिकांनी जर्मन नाइटांविरुद्ध पोलिश राजाला बोलावलं, ही गोष्ट आजच्या राष्ट्रवादाच्या चौकटीत बसत नाही. म्हणूनच ती गाळली जाते.

त्यानंतर 1793 पर्यंत, म्हणजे 339 वर्षं, तोरुन पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होतं. आपली नगरसभा, आपला कायदा आणि आपली भाषा राखून. 1793 मध्ये शेजारच्या सत्तांनी पोलंडची फाळणी केली, तेव्हा ते प्रशिया या जर्मन राज्याने गिळलं. नेपोलियनच्या काळातली काही वर्षं सोडली तर पुढे शतकभराहून अधिक काळ ते त्यांच्याकडेच राहिलं. 1910 च्या जनगणनेत शहरात जर्मन भाषकांचं स्पष्ट बहुमत होतं, हेही लपवायचं कारण नाही. पण पोलंडकडे तोरुन परत आलं ते पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्सायच्या तहानुसार, जानेवारी 1920 मध्ये. दुसरं महायुद्ध तेव्हा 19 वर्षं दूर होतं. व्रोत्सवाफ आणि श्चेचिन ही तोवर जर्मनीत असलेली शहरं 1945 मध्ये पोलंडकडे आली. त्यांची गोष्ट इथे तोरुनला चिकटवलेली दिसते.

कोपर्निकसच्या घराण्याकडे याच पार्श्वभूमीवर पाहायला हवं. वडील क्राकूफहून आलेले तांब्याचे व्यापारी. आई बार्बारा तोरुनच्या वात्सेनरोडे या बड्या घराण्यातली. तिचे वडील नाइटांचे कट्टर विरोधक, त्यांनी युद्धासाठी पैसाही पुरवला. कोपर्निकसचं जे लेखन आज उपलब्ध आहे ते लॅटिन आणि जर्मनमधलं. इटलीत बोलोन्याला शिकताना त्याने नाव घातलं ते जर्मन विद्यार्थ्यांच्या मंडळात. आणि 1520 मध्ये नाइट चालून आले तेव्हा ओल्श्टिनच्या गडाच्या बचावाची तयारी याच माणसाने केली, पोलंडच्या राजाकडे मदत मागितली. तो त्या राजाचा निष्ठावंत प्रजाजन होता. त्याला ‘शुद्ध जर्मन’ म्हणणं जितकं चूक, तितकंच ‘शुद्ध पोलिश’ म्हणणंही.

1724 ची घटना मात्र घडली आणि ती लाजिरवाणी आहे. जुलैमध्ये एका कॅथलिक मिरवणुकीवरून जेझुइट या कॅथलिक संघाच्या शाळेचे विद्यार्थी आणि ल्युथरन (प्रोटेस्टंट) तरुण यांच्यात भांडण पेटलं, जमावाने जेझुइटांचं विद्यालय फोडलं. दंगल रोखली नाही म्हणून राजाच्या न्यायालयाने महापौर रोसनरला मृत्युदंड दिला. 7 डिसेंबरला त्याच्यासह दहा जण मारले गेले. ल्युथरनांकडचं सेंट मेरी चर्चही काढून घेण्यात आलं. हा उघड अन्याय होता. प्रशियाने पुढे तो पोलंडविरुद्धच्या प्रचारात वापरला आणि फिरणारा मजकूरही तेच करतो. पण पोलंडच्या याच राजवटीत 1557 मध्ये तोरुनच्या ल्युथरनांना धर्मस्वातंत्र्याची सनद मिळाली होती. 1645 मध्ये राजा चौथा व्वादिस्वाफ याने कॅथलिक, ल्युथरन आणि कॅल्व्हिनपंथी (हेही प्रोटेस्टंटच) पंडितांना समेटाच्या चर्चेसाठी बोलावलं तेही तोरुनमध्येच. समेट झाला नाही, पण त्या काळच्या युरोपात असं बोलावणं दुर्मीळ होतं.

राहिला ‘देखाव्या’चा मुद्दा. 1939 च्या शरदात नाझींनी शहराजवळच्या बार्बार्काच्या जंगलात शिक्षक, धर्मगुरू अशा शेकडो पोलिश लोकांना गोळ्या घातल्या. शहर घडवणारी माणसंच वेचून मारली. त्यानंतर, 1945 मध्ये, तोरुनमध्ये विद्यापीठ सुरू झालं. महायुद्धाआधी पोलंडमध्ये असलेलं व्हिल्नियस शहर सोव्हिएत संघात गेल्याने तिथून उखडल्या गेलेल्या प्राध्यापकांनी ते उभं केलं. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांचा पहिला खात्रीशीर शोध 1992 मध्ये जाहीर करणाऱ्या दोघांपैकी एक, अलेक्सांदेर वोल्श्चान, याच विद्यापीठात शिकला. जुनं गाव 1997 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, पण सुमारे दोन लाख माणसं तोरुनमध्ये राहतात आणि शेजारच्या बिद्गोश्चशी त्यांची जुनी चुरस आहे. 1999 मध्ये नवा प्रांत झाला तेव्हा सरकारने नेमलेल्या प्रांतप्रमुखाचं कार्यालय बिद्गोश्चला आणि लोकांनी निवडलेली प्रांतिक सभा तोरुनला, अशी तडजोड करावी लागली. पोलंडमधल्या तोरुनसारख्या शहरांना 2018 च्या कायद्याने खर्चाचा किमान अर्धा टक्का रहिवाशांच्या थेट मतदानावर सोपवणं बंधनकारक आहे. त्या पैशातून आपल्या वस्तीत काय व्हावं, हे तोरुनकर स्वतः सुचवतात आणि त्यावर मत देतात.