‘खाण तशी माती’ हे ‘टॉम जोन्स’च्या माथी मारू नका

हेन्री फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’ या कादंबरीवरचं एक टिपण एम.ए. इंग्रजीच्या मुलांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. काल ते माझ्या भाचीपर्यंत पोचलं आणि ती ते पाठ करायला बसली, म्हणून हे लिहावं लागतंय. टिपणातले मुद्दे असे: टॉम नायक, कारण तो शेवटी खानदानी निघतो, रक्त बोलतंच, ब्लिफिल जन्मजात दुष्ट, टॉमला वाढवणारे जमीनदार स्क्वायर ऑलवर्दी निर्दोष देवमाणूस, ब्लॅक जॉर्ज इमानी नोकर, बाकीची पात्रं हसवण्यापुरती, नुसता पाल्हाळ.

सगळ्यात वाईट मुद्दा आधी घेऊ, तो रक्ताचा. ऑलवर्दींना स्वतःच्या बिछान्यात सापडलेलं तान्हं मूल त्यांच्या बहिणीचं, ब्रिजेटचं असतं. ब्लिफिलही ब्रिजेटचाच मुलगा. दोघं एकाच आईच्या पोटचे! त्यातला ब्लिफिल रीतसर लग्नाचा, कॅप्टन ब्लिफिलपासून झालेला. टॉम त्याआधीचा, लग्नाबाहेरचा. त्याचा बाप समर हा एका पाद्र्याचा मुलगा, ऑलवर्दींनीच सांभाळून शिकवलेला. रक्तच बोलणार असतं तर नायक ब्लिफिल व्हायला हवा होता. आणि जन्माचं गुपित फुटल्यावरसुद्धा टॉम कायद्याने अनौरसच राहतो. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा मुलाला आपोआप वारसा मिळत नसे. ऑलवर्दी त्याला वारस करतात ते स्वतःच्या मर्जीने, त्याची वागणूक कळल्यावर. खाण एक आणि माती दोन तऱ्हांची, हे फील्डिंगने १७४९ साली सहा खंडांत मांडून दाखवलं, आणि आपण मुलांना नेमकं उलटं घोकायला लावतोय.

याच टिपणात एका जागी टॉम ऑलवर्दींचा मुलगा आहे आणि दुसऱ्या जागी जेनी जोन्स या मोलकरणीचा. दोन्ही चूक. तो त्यांचा भाचा. जेनीने दोष स्वतःवर घेतला तो ब्रिजेटने पैसे दिले म्हणून.

ब्लिफिल दुष्ट आहे, हे मान्य. पण ‘जन्मजात’ म्हणून मोकळं झालं की तो काम कसं करतो ते दिसतच नाही. सोफियाला, म्हणजे टॉमच्या प्रेयसीला, त्याने लहानपणी एक पक्षी दिलेला असतो, तिने त्याचं नाव ‘टॉमी’ ठेवलेलं. ब्लिफिल तो हातात मागून घेतो, पायाची दोरी सोडतो आणि उडवून देतो. टॉम पकडायला झाडावर चढतो, फांदी मोडून खालच्या पाण्यात पडतो, आणि पक्ष्याला ससाणा नेतो. विचारल्यावर ब्लिफिलचं उत्तर तयार असतं: कुठल्याही जीवाला बांधून ठेवणं त्याला पाहवत नाही. शिक्षकमंडळी त्याचं कौतुक करतात. पुढेही तीच तऱ्हा. ऑलवर्दी दुखण्यातून वाचले म्हणून टॉम आनंदाने पिऊन धिंगाणा घालतो. ब्लिफिल ते मनात ठेवतो आणि योग्य वेळ साधून सांगतो, पण ‘वाचले म्हणून’ हे वगळून. तेवढ्यावर टॉमला घराबाहेर काढलं जातं.

इथेच ‘निर्दोष देवमाणूस’ही कोसळतो. ऑलवर्दींचं मन मोठं आहे, पण समोरचा सांगेल ते ते खरं मानतात. न्यायदंडाधिकारी म्हणून पार्ट्रिज मास्तरला ते टॉमचा बाप ठरवतात ते त्याच्या मत्सरी बायकोच्या सांगण्यावरून. नवऱ्याविरुद्ध बायकोची साक्ष कायद्यात चालत नव्हती, हे लेखक तिथल्या तिथे नोंदवतो. मास्तर मात्र देशोधडीला लागतो.

आता ब्लॅक जॉर्ज. ‘सोफियाचे पैसे टॉमला प्रामाणिकपणे पोचवतो’ हे टिपणातलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं. घराबाहेर काढताना ऑलवर्दींनी टॉमला ५०० पौंडांच्या नोटा दिलेल्या असतात. टॉम ओढ्याकाठी दुःखाने लोळतो, खिशातलं सगळं भिरकावतो आणि निघून जातो. सोफियाला लिहिलेल्या पत्राला लाख लावायची म्हणून खिसे चाचपतो तेव्हा पाकीट नसल्याचं कळतं. परत जाताना वाटेत जॉर्ज भेटतो. दोघं मिळून गवताची काडी न् काडी चाळतात. फील्डिंग सांगतो, एकच जागा शोधायची राहिली: जॉर्जचा खिसा. लहानपणी याच जॉर्जचं नाव फुटू नये म्हणून टॉमने पाठ सोलेपर्यंत मार खाल्ला होता.

त्यानंतर सोफिया त्याच्याच हाती टॉमसाठी १६ गिनी पाठवते. वाटेत जॉर्जच्या मनात भांडण जुंपतं. सद्सद्विवेक म्हणतो, पोचव. लोभ म्हणतो, ५०० गिळलेस, आता १६ ला कसला संकोच? लोभ जिंकतही आला असता, पण भीती मध्ये पडते: ५०० चा पत्ता कुणाला नाही, हे १६ मात्र पकडले जातील. म्हणून तो पैसे पोचवतो. इमान म्हणायचं ते हे! आणि तरीही जॉर्ज निव्वळ चोर नाही. लंडनमध्ये सोफिया कोंडलेली असताना भाजलेल्या कोंबडीच्या पोटात टॉमची चिठ्ठी लपवून तोच तिच्यापर्यंत पोचवतो. शेवटी चोरी उघड होते, जॉर्ज पळतो, आणि टॉम ती रक्कम त्याच्याच बायकामुलांना देऊन टाकतो. अशा माणसाला नायक-खलनायकाच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात घालणार? कादंबरीच्या अठरा भागांना फील्डिंग ‘पुस्तकं’ म्हणतो; त्यातल्या दहाव्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात फील्डिंग टीकाकारांना बजावतो की एखादं पात्र पूर्ण चांगलं नाही म्हणून त्याला वाईट ठरवू नका. टॉमलाही हेच लागू. लंडनच्या लेडी बेलास्टन या श्रीमंत बाईच्या पैशावर तो काही दिवस जगतो, हे टिपणात आहे आणि ते खरं आहे. तिने दिलेल्या ५० पौंडांतून गरजू कुटुंबाला मदत केली म्हणून तो डाग पुसला जात नाही.

‘बाकीची पात्रं पाल्हाळ’ यात थोडं तथ्य आहे. डोंगरावरच्या म्हाताऱ्याची लांबलचक कहाणी कथानक थांबवते, नाही म्हणता येत नाही. पण डाउलिंग वकिलाला त्या ढिगात टाकणं म्हणजे पुस्तक न वाचल्याची कबुली. सॉल्सबरीला मरताना ब्रिजेट त्याच्या हाती पत्र देते आणि सांगते, टॉम माझा मुलगा आहे, हे भावाला सांग. तो घाईघाईने येतो, ऑलवर्दी अंथरुणाला खिळलेले, म्हणून पत्र ब्लिफिलकडे देतो. ब्लिफिल ते दाबतो आणि मामाला सगळं कळवलंय असं त्याला भासवतो. पुढे हा माणूस ग्लॉस्टरच्या खाणावळीत टॉमच्या शेजारी असतो, नंतर त्याच्याबरोबर बाटली रिकामी करतो. टॉम ऑलवर्दींबद्दल भरभरून बोलतो, समोरच्याला सत्य ठाऊक असतं आणि तो गप्प राहतो.

वेळ कमी असेल तर टिपण बाजूला ठेवा आणि निदान सहाव्या पुस्तकातली १२ आणि १३ ही प्रकरणं, बाराव्यातलं दहावं आणि शेवटचं अठरावं पुस्तक मूळातून वाचा.