मास्क पाथ कॉपी करायला अँटिव्हायरस कशाला बंद करायचा?

मोशन ग्राफिक्स शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज भाचीने मला पाठवला. खाली प्रश्न, ‘मामा, टाकून घेऊ का?’ मेसेज म्हणतो: आफ्टर इफेक्ट्स या ॲडोबीच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेटेड मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणारी हलती बाह्यरेषा, तिलाच पाथ म्हणतात) शेप लेयरवर, म्हणजे रेषांनी काढलेल्या आकारांच्या थरावर, नेता येत नाही, प्रत्येक कीफ्रेम (ठरावीक क्षणाला नोंदवलेला आकार) पेन टूलने पुन्हा काढावी लागते. नेलाच तर इझिंग (हालचालीचा वेग हळूहळू वाढणं-कमी होणं) उडतं, जागाही चुकते. म्हणून सोबतच्या लिंकवरून हे काम करणाऱ्या प्लगइनची (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची) ‘फुल व्हर्जन’ फुकट घ्या, अँटिव्हायरस बंद ठेवा आणि त्यातल्या स्क्रिप्टला परवानगी द्या.

शेवटचं आधी घेतो, कारण बाकीच्यात फार तर वेळ वाया जातो. ही परवानगी म्हणजे प्रेफरन्सेसमधला ‘अलाव स्क्रिप्ट्स टू राइट फाइल्स अँड ॲक्सेस नेटवर्क’ हा चौकोन. ॲडोबीच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय की फाइल लिहिण्याची आणि नेटवर्क वापरण्याची मुभा स्क्रिप्टला मुळात नसते. तिथे टिक केली की ती नंतर चालवाल त्या प्रत्येक स्क्रिप्टला मिळते. विकतच्या चांगल्या स्क्रिप्टही ती मागतात, कबूल. पण कुणी फोडलेली (क्रॅक केलेली) फाइल, कुणाच्या तरी लिंकवरून, आणि वर पहारेकरीही झोपवायचा? पाथ कॉपी होताना अँटिव्हायरस नेमका कुठे आडवा येतो, एवढं तरी सांगा!

‘पाथ जातच नाही’ हे साफ खोटं. लेयर निवडून एम दाबा, ‘मास्क पाथ’ या नावावर क्लिक करा, सगळ्या कीफ्रेम निवडल्या जातात. कंट्रोल-सी. मग शेप लेयर आतपर्यंत उघडून तिथल्या ‘पाथ’ या नावावर क्लिक, कंट्रोल-व्ही. पहिली कीफ्रेम प्लेहेड (टाइमलाइनवरची वेळ दाखवणारी रेघ) असेल तिथे बसते. नवखे फसतात ते दोन ठिकाणी. एक, पाथऐवजी नुसता लेयर निवडून पेस्ट करतात आणि शेप लेयरवर नवा मास्क तयार होतो. दुसरं, रेक्टँगल टूलने काढलेल्या आकाराला साइज असते, पाथ नसतोच. राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू बेझिए पाथ’ केलं की तो मिळतो.

इझिंग उडत नाही. कीफ्रेमबरोबरच जातं.

जागेचं मात्र अर्धं खरं आहे. मास्कचे बिंदू लेयरच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजले जातात, शेप लेयरचा शून्यबिंदू सहसा कॉम्पच्या (कंपोझिशन, म्हणजे लेयर ज्यात रचतात ती चौकट) मध्यावर असतो. १९२० बाय १०८० च्या कॉम्पमध्ये, तेवढ्याच मापाच्या सॉलिडवरून (एकरंगी लेयरवरून) मास्क आणला तर फरक ९६० आणि ५४० पिक्सेलचा. शेप लेयरची पोझिशन ०, ० करा, संपलं. मूळ लेयर फिरवलेला, लहानमोठा केलेला किंवा स्वतःच हलणारा असेल तर एवढ्यावर भागत नाही. तिथे प्रत्येक बिंदू आणि त्याचे हँडल (रेषेचं वळण ठरवणाऱ्या दांड्या) एका लेयरच्या मापातून दुसऱ्याच्या मापात आणावे लागतात. २०१७ साली आलेल्या १५.० आवृत्तीपासून हे एक्स्प्रेशनने (आफ्टर इफेक्ट्समध्येच लिहायच्या छोट्या कोडने) जमतं, पण लिहायला किचकट आहे. असं काम रोजचं असेल तर प्लगइन जरूर घ्या, ज्याने ते बनवलं त्याच्याकडून, पैसे देऊन.